आठवा शब्द

“माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य अजून संपायचंय,” असे बाई एकदा रेडिओवरच्या मुलाखतीत म्हणाल्या. मुलाखत घेणारा हरखला. “म्हणजे दुसरा भाग येतोय?” “पहिलाच. पान उलटा, सापडेल.” त्याला हा विनोद वाटला. तो हसला आणि त्याने गाणे लावले.

बाई विद्यापीठाच्या संज्ञापन विभागात शिकवत. माणसे एकमेकांशी कशी बोलतात आणि कशी ऐकतात, याचा अभ्यास करणारा हा विभाग. पण त्याच्या नावाचा अर्थ आवारात फारसा कुणाला लागत नसे. पोस्टमन तिथली पत्रे संगणक विभागात टाकी. एकदा एक गृहस्थ संज्ञाहरण, म्हणजे भूल देणे, इथेच शिकवतात अशा समजुतीने येऊन व्हरांड्यात बसले होते. बाईंचे व्याख्यान दारातून थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “बरोबर जागी आलोय मी.”

तरुणपणी बाईंनी एक लेख लिहिला होता: संभाषणातले लक्ष कसे मोजावे. पद्धत समजावी म्हणून त्यांनी एक उदाहरण रचले. वाक्य असे: ‘समजा, ऐकणारा माणूस सात शब्दांनंतर ऐकणे थांबवतो, तर पुढची आकडेमोड अशी होईल.’ शाळेत ‘समजा, एका हौदाला दोन नळ आहेत’ म्हणतात, तसे. तो हौद कुणी बांधलेला नसतो आणि नळांना पाणी नसते. पण छपाईत ‘थांबवतो’ या शब्दाशी पान संपले आणि ‘तर’ पलीकडच्या पानावर जाऊन पडला.

पुढे कुणीतरी त्या एकाच पानाची झेरॉक्स काढली. झेरॉक्समध्ये स्वल्पविराम आणि धूळ यांत फरक उरत नाही. ‘समजा’च्या पाठीमागचा स्वल्पविराम धुळीत जमा झाला, आणि उरले ते एवढेच: ‘समजा ऐकणारा माणूस सात शब्दांनंतर ऐकणे थांबवतो’. गृहीत धरायला सांगणारे ते बापडे ‘समजा’ आता ‘नीट समजून घ्या’ असे दटावू लागले. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्याने तर कमाल केली. त्याने लिहिले, संशोधनाने सिद्ध झाले आहे की.

अशा रीतीने सात शब्दांचा नियम जगात आला, आणि जग जणू त्याची वाटच पाहत होते. विक्रेत्यांच्या प्रशिक्षणात तो पहिल्या सकाळी सांगू लागले. डॉक्टरांसाठीच्या पुस्तिकेत तो चौकटीत आला. लिफ्ट बनवणाऱ्या एका कारखान्याने आग लागली तर काय करावे हे सात शब्दांत बसवले. त्यात ‘आग’ हा शब्द बसला नाही. आणि अभ्यासकांनी आपापल्या लेखांत बाईंच्या लेखाचा आधार दिला. कुणाच्या लेखाचा आधार कितीजणांनी घेतला हे मोजणारी एक यंत्रणा असते. आधार घेणाऱ्याने लेख वाचला का, याच्याशी तिचे देणेघेणे नसते. तिच्यात बाईंच्या नावापुढचा आलेख अंगात ताप चढावा तसा चढत गेला. आवारात त्यांचे नाव पडले, सातशब्दी.

बाईंचे खरे काम निराळेच होते, आणि ते घरात सुरू झाले होते.

त्यांचे यजमान दंतवैद्य. दवाखाना घराच्या पुढच्या खोलीत, मधे प्लायवूडची भिंत. लग्नानंतर बाई भिंतीच्या अलीकडे टेबल टाकून लिहीत बसत आणि पलीकडून दोन आवाज येत. एक यजमानांचा, अखंड. दुसरा उघड्या तोंडाचा.

“हल्ली मुलांना काही सांगायची सोय राहिली नाही.”

“आँ.”

“पूर्वीचे रस्ते बघा, आणि आताचे बघा.”

“आँऽऽ.”

यजमान जेवताना अभिमानाने सांगत, “माझ्याशी आजवर एकाही माणसाने वाद घातलेला नाही.” बाई त्यांना आणखी एक पोळी वाढत. भिंतीपलीकडच्या त्या ‘आँ’मध्ये त्यांना वाद ऐकू आला होता, होकार ऐकू आला होता, कणव ऐकू आली होती, आणि एकदा तर अगदी स्वच्छ शिवी.

बोलणारा काय बोलला ते सगळेच लिहून ठेवतात. ऐकणारा मधूनमधून ‘हं’ म्हणतो, ते हवेत विरते. विझलेल्या काडीचा धूर कोण मोजणार? बाई मोजू लागल्या. इस्पितळातल्या चौकशीच्या खिडकीशी, बँकेतल्या रांगेत, केस कापायच्या दुकानात परवानगी घेऊन त्या टेपरेकॉर्डर मांडून बसत. आणि हळूहळू त्यांनी ‘हं’ना नावे दिली. ‘चालू द्या हं’ हे लहान आणि वर उचललेले. ‘लोटलेलं दार हं’ खाली उतरत जाणारे. त्यानंतर बोलणाऱ्याने निघावे हे बरे. आणि ‘टेकू हं’. ऐकणारा मनाने केव्हाच उठून गेलेला असतो. बोलणाऱ्याचे बोलणे अंगावर कोसळू नये म्हणून त्याने खाली एक काठी लावून ठेवलेली असते, तेच हे.

यावर बाईंनी आयुष्यभर लेख लिहिले. त्यांचा आधार घेतला गेला तो असा: एकदा स्वतः बाईंनी, एकदा हंगामीने, आणि एकदा घशाच्या एका डॉक्टरांनी. डॉक्टरांना लेख खोकल्यावर आहे असे वाटले होते.

हंगामी ही बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता विभागात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवणारी. दर सुट्टीत तिची नोकरी जाई आणि सत्र सुरू झाले की परत येई. असे करता करता तिची चाळिशी उलटली आणि मुलगी तिच्या खांद्याला लागली. ‘हं’चे काम बाईंच्या मागे कुणी करणार असेल तर हीच.

“तुला हंगामी म्हणतात ते उगाच नाही,” बाई म्हणत. “हं-गामी. हं जाईल तिकडे जाणारी.”

“मॅडम, ही कोटी जरा पगारपत्रकावर काढून द्या. घरमालकाला दाखवते.”

बाईंनी खुलासा केला नव्हता असे नाही. मूळ लेख छापणाऱ्या नियतकालिकातच त्यांनी एक टिपण लिहिले: तो नियम नव्हे, ते उदाहरण होते, पान उलटा. मग त्या टिपणाचेही आधार येऊ लागले. ‘सात शब्दांच्या नियमासाठी पहा मूळ लेख, तसेच लेखिकेचा अलीकडील खुलासा.’ एकाने तर लिहिले की खुलाशामुळे नियम अधिकच भक्कम झाला आहे. बाईंचा आलेख आणखी चढला.

एका संध्याकाळी यजमान बेसिनपाशी एक कवळी घासत होते. घासता घासता ते एकदम थांबले आणि एकेक बोट दुमडत मोजू लागले.

“अगं, तू मोजलंस का कधी? समजा, ऐकणारा, माणूस, सात, शब्दांनंतर, ऐकणे, थांबवतो. सात! आठवा शब्द ‘तर’. तिथवर कुणी पोचलंच नाही.”

“पान संपलं होतं अहो.”

“पान संपलं म्हणजे ऐकणं थांबलंच की. म्हणजे तुझा नियम खरा.”

“माझा नियम नाहीये तो!”

“बघ, तूच पुरतं ऐकत नाहीस माझं.”

“तुम्ही दाढा काढा,” बाई म्हणाल्या, पण त्यांनीही लपून बोटांवर मोजले.

बाईंच्या नोकरीचे शेवटचे सत्र आले, आणि त्याच सत्रात समिती आली. लहान विभाग मोठ्यांत विलीन करायचे विद्यापीठाने ठरवले होते. संज्ञापन विभाग विपणनात, म्हणजे मालाची विक्री शिकवणाऱ्या विभागात जायचा होता. वाचायचे असेल तर आपल्या संशोधनाचा प्रभाव सिद्ध करा, असे कळवण्यात आले.

विभागप्रमुख कधीकाळी बाईंच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसे. त्याने युक्ती काढली. विभागाचे नाव बदलून ‘सप्तशब्द अभ्यास केंद्र’ करायचे, बाईंचा आलेख पुढे करायचा, आणि केंद्रात एक कायमची जागा मागायची. जागा हंगामीची. अट एवढीच की तिने उरलेली सगळी नोकरी सात शब्दांवर काढायची. टेपा गोदामात जातील.

“मॅडम, तुम्हाला काही करायचं नाही,” प्रमुख म्हणाला. “समितीसमोर बसायचं आणि प्रसन्न दिसायचं.”

“मी बोलणार आहे.”

“काय बोलणार?”

“पान उलटणार.”

प्रमुखाने कपाळाला हात लावला. “मॅडम, अहो, त्या एका पानावर अख्खा विभाग उभा आहे!”

“तरीच डुगडुगतोय.”

“चेष्टा नका करू. तुम्ही काय, जाल निवृत्त होऊन. हंगामीची कायमची जागा तुमच्या एका वाक्यावर आहे. सांगा तिला तोंडाने, की बाई गं, खरं बोलायचं होतं म्हणून तुझी जागा घालवली.”

हे मात्र बाईंना लागले. प्रमुख वर्गात कधी काही शिकला नाही असे त्या समजत होत्या. नेमके कुठे बोट ठेवावे हे तो शिकला होता.

जिन्याखालच्या खोलीत टेपा ठेवलेल्या असत. तिथे हंगामी एका कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून सैल झालेली फीत गुंडाळत होती. बाई स्टुलावर बसल्या.

“तू सांग. गप्प बसू का मी?”

हंगामीने पेन्सिल फिरवणे थांबवले नाही. “मी काल पोरीला विचारलं. म्हटलं, आईला कायमची नोकरी लागली, पण रोज खोटं शिकवावं लागलं, तर चालेल का गं?”

“मग?”

“म्हणाली, शाळेत सगळेच शिकवतात, फक्त तू गृहपाठ देऊ नकोस.”

दोघी हसल्या. हसू जिन्याखाली थोडे घुमले आणि बसले.

“तुम्ही बोला, मॅडम,” हंगामी म्हणाली. “जागा गेली तर गेली, म्हणवत नाही मला. जाऊ नये असंच वाटतंय. पण सात शब्द शिकवत म्हातारी व्हायचं, तेही नको. फक्त असं बोला, की त्यांना ऐकू जाईल. बोललात आणि कुणी ऐकलंच नाही, तर खरंही वाया जाईल आणि मला सात शब्दही शिकवावे लागतील.”

समितीची बैठक विभागाच्या लांब खोलीत झाली. पंख्याचे एक पाते वाकडे होते, त्यामुळे छतावर एक सावली लंगडत होती. टेबलावर बिस्किटे, चहाचे कप, पाण्याचे पेले, आणि प्रत्येकापुढे एकेक फाइल. अध्यक्ष मातीचे तज्ज्ञ होते. शेतांतली माती तपासण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. सोबत दोन सदस्य. ते अध्यक्षांची मान जिकडे हलेल तिकडे आपली हलवत.

प्रमुखाने पडद्यावर आलेख दाखवला. “सर, हा आमच्या मॅडमचा प्रभाव.” आलेख इतका उभा होता की वरचे टोक भिंतीवर गेले होते.

मग बाई उठल्या. रात्रंदिवस घोळवलेले त्यांनी सरळ सांगितले. तो नियम नाही, ते उदाहरण होते. वाक्य अर्धे आहे. लोकांनी एक पान वाचले, पुष्कळांनी तेही वाचले नाही.

“हं,” अध्यक्ष म्हणाले.

त्यांची नजर आलेखाच्या टोकावर होती. बाई पुढे बोलत राहिल्या. चौकशीच्या खिडकीबद्दल बोलल्या, ऐकणाऱ्याच्या आवाजाबद्दल बोलल्या.

“हं. हं.”

 हे ‘हं’ बाईंच्या चांगल्या ओळखीचे होते, त्यांनीच त्याचे बारसे केले होते. टेकू. खात्री करून घ्यावी म्हणून त्या म्हणाल्या, “तेव्हा माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे, की हा नियम…” आणि तिथेच थांबल्या.

“हं,” अध्यक्ष म्हणाले.

पंखा फिरत राहिला. वाक्य हवेत लोंबकळत होते आणि कुणालाच त्याचे पाय दिसत नव्हते.

“छान,” थोड्या वेळाने अध्यक्ष म्हणाले. “एवढं मोठं काम, आणि स्वतःला नियमाचं श्रेय घ्यायचं नाही. हा विनय दुर्मीळ हो.” सदस्यांनी माना हलवल्या. प्रमुखाने टाळ्या वाजवल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकून बिस्किट चहात बुडवले. बाई खाली बसल्या. खरे बोलून झाले होते, आणि ते कुणाच्या अंगाला लागलेही नव्हते.

“आणि या कोण?” अध्यक्षांनी हंगामीकडे पाहिले.

“या आमच्या केंद्राच्या भावी—”

“मी हं ऐकते,” हंगामी म्हणाली.

“काय ऐकता?”

“हं, सर. मघापासून तुम्ही म्हणताय ना, ते.”

प्रमुखाचे बिस्किट चहात पडले.

“म्हणजे?” अध्यक्षांचा आवाज बदलला.

“सर, राग मानू नका. मॅडम बोलत होत्या तेव्हा तुम्ही जे हं म्हणालात, ते ऐकणाऱ्या माणसाचं नव्हतं.”

“मी ऐकत नव्हतो म्हणताय?”

“हो, सर.”

“कशावरून?” अध्यक्ष ताठ बसले. चिडले होते खरे, पण आयुष्यभर मातीचे नमुने मागितलेला माणूस पुरावाही मागितल्याशिवाय राहीना.

“मॅडमनी शेवटचं वाक्य अर्ध्यात सोडलं. तुम्ही त्याला हं म्हणालात.”

अध्यक्षांनी डावीकडच्या सदस्याकडे पाहिले. सदस्य चुळबुळला. “सोडलं होतं खरं, सर. मला वाटलं, त्यांच्या विषयात तशी पद्धत असेल.”

 मग अध्यक्षांच्या मिशीचे एक टोक हलले.

“माझी बायको हेच म्हणते,” ते म्हणाले. “पण ती कधी उदाहरण देत नाही.”

“देत असतील, सर,” हंगामी म्हणाली. “तुम्ही हं म्हणाला असाल.”

उजवीकडचा सदस्य फिसकन हसला आणि लगेच पाणी प्यायला. अध्यक्ष मात्र मोकळेपणाने हसले. हसणे ओसरल्यावर ते म्हणाले, “बरं. काय म्हणत होत्या मॅडम?”

हंगामीने मूळ लेखाचा जुना अंक त्यांच्यापुढे ठेवला. झेरॉक्स नव्हे, अंक. अध्यक्षांनी चष्मा चढवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “समजा, ऐकणारा माणूस सात शब्दांनंतर ऐकणे थांबवतो…” त्यांनी पान उलटले. “तर.” ते थबकले. पान परत मागे केले, पुन्हा उलटले. “तर?”

“तर आकडेमोड, सर. बाकी काही नाही.”

“आणि हे?” त्यांनी पडद्यावरच्या आलेखाकडे बोट केले.

“ती झेरॉक्स चढलीय, सर.”

“असं आहे होय.” अध्यक्षांनी चष्मा काढला. “एकाच खड्ड्यातली ढेकळं उचलायची आणि मुलूखभरच्या मातीचा अहवाल लिहायचा. आमच्यातही करतात हो हे.” मग ते प्रमुखाकडे वळले. “काय हो, ही कायमची जागा कशावर मागताय तुम्ही? या पानावर, की या बाईंवर?”

प्रमुखाने चहाच्या कपात पाहिले. तिथे बिस्किटाचा गाळ झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा तो वर्गात नीट उत्तर देणार होता. “यांच्यावर, सर,” तो म्हणाला. “आणि केंद्राच्या नावाचा प्रस्ताव—”

“तो ठेवा बाजूला. आधी यांचं पुरं होऊ द्या.” अध्यक्षांनी आलेखाची फाइल सरकवली. ती बिस्किटांच्या बशीला जाऊन टेकली. कोपरे टेबलावर रोवून ते हंगामीकडे झुकले. “मला सांगा, माणूस ऐकत नाही हे कळतं तुम्हाला, ठीक. पण ऐकत असला, खरंच ऐकत असला, तर तो कसा वाजतो?”

हंगामीने टेपरेकॉर्डर पुढे ओढला. “इस्पितळाच्या खिडकीवरचं ऐकवते, सर. एक म्हातारा आपल्या बायकोचा पलंग कुठे हलवला ते विचारतोय. त्याच्याकडे लक्ष देऊ नका. खिडकीमागच्या माणसाचं ऐका.”

सदस्यांनी खुर्च्या जवळ घेतल्या. खरखर सुरू झाली, आणि तिच्यातून म्हाताऱ्याचा अडखळता आवाज वर येऊ लागला.

बाईंच्या ओठांशी कितीतरी होते. त्या म्हाताऱ्याबद्दल, त्या खिडकीबद्दल, त्या टेपेच्या आधीच्या आणि नंतरच्या टेपांबद्दल. प्रमुख डोळ्यांनी विनवत होता की मॅडम, आता तरी दोन शब्द बोला, तुमचं नाव मोठं आहे. बाईंनी हंगामीकडे पाहिले. ती मदतीसाठी त्यांच्याकडे बघत नव्हती. तिचे बोट बटणावर होते आणि नजर अध्यक्षांच्या चेहऱ्यावर. अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांची मान हळूहळू टेपरेकॉर्डरकडे कलत होती, आणि ते ‘हं’ म्हणायचेही विसरले होते.

बाईंनी खांद्याला पिशवी लावली. खुर्ची उचलून मागे ठेवली, तिचे पाय फरशीवर करकरू नयेत म्हणून. टेबलाच्या कडेकडेने त्या दारापर्यंत गेल्या, कडी हाताने धरून अलगद काढली, आणि काही न बोलता बाहेर पडल्या.